ब गटातला सात नंबर

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आज संध्याकाळी दोहाच्या मदिनत खलीफा भागात, खानोलकर काकांच्या व्हिलात, दुसरा चहा फिरत असताना 'कटऑफ' हा शब्द आला आणि माझं सगळं बदललं. तोपर्यंत बरं चाललं होतं. म्हणजे भांडण चाललं होतं, पण बरं.

आमच्या माजी विद्यार्थी व्हॉलीबॉल लीगमध्ये यंदा चार नवीन कॉलेजं आली. आठाची बारा झाली. बाराही टीम एकमेकांशी खेळत बसल्या तर उन्हाळा येईल, म्हणून दोन गट. पण कसे? प्रदेशावरून करा म्हटलं तर नाशिकवाले विचारतात, मग आम्ही नेमके कुठले. नागपूरचे भाऊ म्हणाले, "आमच्या वाट्याला नेहमी उरलेलंच येते." दोहात कोण कुठं राहतो त्यावरून करा म्हटलं तर निम्मी जनता दर वर्षी फ्लॅट बदलते.

मग खानोलकर काका पाणी प्यायला आत जाऊन आले आणि खुर्चीत बसता बसता म्हणाले, "वाद नको. कॉलेजच्या ॲडमिशनच्या कटऑफवरून करू. वरची सहा अ गट, खालची सहा ब गट."

आणि सगळे गप्प! कोणीही हसलं नाही. पोटं सुटलेली, केस गेलेले, पोरं कॉलेजात असलेले लोक, आणि एकेकाला आपल्या वर्षीचा कटऑफ दशांशासकट पाठ. माना डोलायला लागल्या. हो, हे ऑब्जेक्टिव्ह आहे. हे फेअर आहे. काकांचं सह्यगिरी अ गटात. गेल्या सीझनला शेवटून दुसरी आलेली टीम, जिचा सेटर बॉल वर टाकायच्या आधी पाठ धरतो, ती अ गटात. आमची कृष्णाकाठ फायनल खेळली. ब.

मी बोलायला उठलो तर दादानं शर्ट धरून खाली बसवलं.

खानोलकर काकांना यापुढे खा.का. लिहीन. एवढं लांब नाव लिहावं असं त्यांनी काही केलेलं नाही.


शनिवार, ८ नोव्हेंबर

दादा म्हणजे बाळ्यादादा. चुलतभाऊ, रूममेट, कॅप्टन, आणि कालपासून गद्दार. सकाळी भांडलो.

"आरं ब तर ब. खेळायचंय की लगीन लावायचंय गटासंगं?"

"आपण फायनल खेळलो दादा."

"मग ब गटाची फायनल जिंकू. चहा घे."

याला समजत नाही. समजतंय, पण दाखवत नाही. अ गट खेळणार हॉलमध्ये, एसीत, लाकडी फ्लोअरवर. ब गट समैस्माला, बीचशेजारच्या उघड्या कोर्टवर. दोन्हीकडं शुक्रवारी सकाळी, एकाच वेळी. म्हणजे शुक्रवारी सकाळी मृ. हॉलमध्ये असणार आणि मी वाळूत.

मृ. म्हणजे मृण्मयी खानोलकर. हो, त्यांचीच मुलगी. माझं नशीबच असलं.

स्वतःसाठी लिहून ठेवतो, उद्या कोणी वेडा म्हणालं तर पुरावा असावा. आमच्या लीगमधले निम्मे लोक रोटेशन विसरतात, आता सर्व्हिस कुणाची यावर भांडणं होतात. म्हणून प्रत्येक सर्व्हिसच्या आधी स्कोअरर सर्व्ह करणाऱ्याच्या जर्सीचा नंबर मोठ्यानं पुकारतो. असलं दुसरीकडं कुठंही नसेल. स्कोअरच्या टेबलावर मृ. असते. सह्यगिरीचीच माजी विद्यार्थिनी, वाढली इथं, शिकली पुण्यात, परत येऊन एका कन्सल्टन्सीत स्ट्रक्चरल इंजिनिअर. बाकीच्यांना ती "तीन", "अकरा" एवढंच म्हणते. मला "सात नंबर". पुढं 'नंबर' लावते. फक्त मला. गेला अख्खा सीझन मी हे ऐकलंय. दादा म्हणतो तुला भास होतो. भास तर भास, माझा आहे.

आता ते समैस्माच्या वाऱ्यात कोण म्हणणार? नागपूरचे भाऊ?


मंगळवार, ११ नोव्हेंबर

ग्रुपवर लिहिलं. ड्यूटीवर असतानाच लिहिलं. एसी मेंटेनन्सची तीन माणसं एका टॉवरच्या गच्चीवर माझ्या फोनची वाट बघत उभी आणि मी टाइप करतोय.

"कॉलेज बघून नेटची उंची बदलत नाही. पस्तीस वर्षांपूर्वी कोणाला किती मार्क पडले यावर आज कोण स्मॅश मारणार हे ठरत असेल तर बॉलऐवजी मार्कशीट उडवा. अ गटाला आमच्यासमोर उभं राहायची भीती वाटते हे सरळ सांगा."

दुपार झाली. मग खा.कां.चा एक नमस्कार, हात जोडलेला. त्यानंतर सह्यगिरीचा तो पाठ धरणारा सेटर: "मुद्दा कळला. फक्त आपलं नाव नीट दिसत नाही. पासिंग इयर काय आपलं?"

ग्रुपवर प्रत्येकाच्या नावापुढं कॉलेज आणि पास झाल्याचं वर्ष असतं. खानोलकर, सह्यगिरी, ८९. पद्धतच आहे. लग्नपत्रिकेत लिहितात तसं लोक इथं वर्ष लिहितात. माझ्या नावापुढं नुसतं कृष्णाकाठ. पुढं काही नाही, कारण पुढं काही नाहीच. तिसऱ्या वर्षाला एचओडीच्या केबिनमधून दार आपटून बाहेर पडलो, तो परत आत गेलो नाही. दादाला माहीत आहे. टीमला माहीत आहे. बाकीच्यांना आता कळलं.

उत्तर लिहिलं, पुसलं. परत लिहिलं. दादाचा फोन आला, तोही आमच्याच कंपनीत. "फोन ठेव खाली. गच्चीवरची माणसं उन्हात भाजाय लागलीत, मला कॉल करतायत ती."


गुरुवार, १३ नोव्हेंबर

मृ.चा मेसेज. "बोलायचंय. बिन महमूदच्या करकवाल्यापाशी, सहाला."

करक प्यायला इथं कोणी उतरत नाही. गाडी लावायची, हॉर्न द्यायचा, पोऱ्या खिडकीशी चहा आणतो. मी तिच्या गाडीत बसलो. पहिल्यांदा. गाडीत वेलचीचा वास, मागच्या सीटवर हेल्मेट आणि गुंडाळलेली ड्रॉइंग्ज. मी काय बोलायचं ते पाठ करून आलो होतो, ते सगळं गेलं.

"लिसन, ग्रुपवर तू लिहिलंस ते बाबांनी तीनदा वाचलं."

"वाचू दे."

"चौथ्यांदा मोठ्यानं वाचून आईला दाखवलं. मार्कशीट उडवा या लाइनला हसले ते. पण गट बदलणार नाहीत. ओरडलेलं ते ऐकून घेतात फक्त."

मग कप डॅशबोर्डवर ठेवून म्हणाली, "आणि एक सांगते, बाहेरून कळायच्या आत. कटऑफ मीच म्हटलं होतं. बाबा आत पाणी प्यायला आले होते ना, तेव्हा. दोन तास भांडत होते सगळे. आई बिचारी तिसऱ्यांदा चहा ठेवत होती. मी सहज बोलले की कटऑफवर करा, त्याच्यावर कोणी भांडणार नाही. जोक होता अर्धा. आणि बघ, खरंच कोणी भांडलं नाही."

जोक.

"मी भांडलो," म्हटलं.

"हो. तू भांडलास."

"तुला माहीत होतं कृष्णाकाठ कुठं जाणार?"

तिनं डॅशबोर्डवरचा कप परत उचलला. म्हणजे विचारच केला नव्हता. हे जास्त वाईट. मुद्दाम केलं असतं तर निदान मी तिच्या डोक्यात होतो असं झालं असतं.

उतरलो. दार आपटलं. करकवाल्याचा पोऱ्या ट्रे घेऊन दचकला.

घरी आलो तोपर्यंत तिचा मेसेज: "दार तुटलं नाहीये, चेक केलं. प्रपोजल लिही. बाबा कागद वाचतात."

उत्तर दिलं नाही.


शनिवार, १५ नोव्हेंबर

प्रपोजल लिहितोय. तिनं सांगितलं म्हणून नाही.

पहिली गोष्ट, अ आणि ब ही नावंच काढायची. दुसरी, कटऑफ नाही, गेल्या सीझनचा नंबर. चार नवीन टीमचा नंबरच नाही, म्हणून त्यांच्या चिठ्ठ्या, दोन इकडं, दोन तिकडं. उरल्या जुन्या आठ.

आठ कशा वाटायच्या? सरळ एक सोडून एक वाटल्या तर एक, तीन, पाच, सात एकीकडं. दोन, चार, सहा, आठ दुसरीकडं. सोपं. कोणालाही समजेल. पण आम्ही दोन नंबर आणि सह्यगिरी सात. म्हणजे वेगळे गट. म्हणजे वेगळी मैदानं.

मग नागमोडी वाटून बघितलं. पहिला इकडं, दुसरा आणि तिसरा तिकडं, चौथा आणि पाचवा परत इकडं, सहावा आणि सातवा तिकडं, आठवा इकडं. दोन आणि सात एकत्र!

आणि गंमत म्हणजे हेच जास्त न्यायाचं आहे. सरळ वाटणीत पहिल्या टीमच्या गटाला दर वेळी वरचढ नंबर मिळतो. नागमोडीत दोन्ही गटांची बेरीज सारखी. करून बघितली, अठरा आणि अठरा. मी काही लबाडी केलेली नाही. न्यायच माझ्या बाजूनं वळला तर मी काय करू.

दादानं खांद्यावरून वाचलं. "हे सापासारखं कशाला वळवलंयस?"

"समतोलासाठी."

"समतोल." हसत बाथरूममध्ये गेला. आतून ओरडला, "लेका, तुझ्या समतोलाला स्कूटर चालवता येती का बघ आधी, रोज पडतोस!"


शुक्रवार, २१ नोव्हेंबर

दुसरी मीटिंग. परत तोच व्हिला, तोच सोफा, ज्यात बसलं की माणूस गुडघ्यातून वर बघतो. मृ. डायनिंग टेबलाशी मिनिट्स लिहायला बसलेली. पेन्सिलनं लिहिते, स्कोअरशीटसारखं.

मी उभा राहून बोललो. ओरडलो नाही. खा.का. चष्मा कपाळावर चढवून कागद वाचत होते. नागमोडी वाटणीपाशी थांबले, बोटांनी बेरीज केली, परत केली.

"हे कोणी केलं?"

"मी."

"हं. बरोबर आहे हे."

बरोबर आहे हे! एकोणनव्वदच्या सह्यगिरीच्या तोंडून!

नागपूरचे भाऊ लगेच म्हणाले, "आमचा पाठिंबा आहे बा. हे चांगलं केलं पोरानं." मराठवाड्याची नवीन टीम पण हो म्हणाली. मग अर्धा तास नावांवर गेला. मोती आणि शिंपला ठेवा म्हटलं तर शिंपला व्हायला कोणी तयार नाही. पूर्व-पश्चिम म्हटलं तर पश्चिम महाराष्ट्रानं आधीच हात वर केला. शेवटी खा.का. म्हणाले, "हॉल गट आणि बीच गट. अर्ध्या सीझनला मैदानं बदला, म्हणजे नाव खोटं ठरेल आणि कोणाला अभिमान राहणार नाही." माणूस अगदीच वाईट नाही, हे लिहिताना हात जड होतोय.

पास झालं. एकमतानं. कृष्णाकाठ आणि सह्यगिरी हॉल गटात. उद्‌घाटनाची मॅचसुद्धा आमचीच.

मी मृ.कडं बघितलं. ती हसली. पेन्सिल कानामागं.

इथंच मीटिंग संपायला हवी होती.

पण टीम बारा झाल्या की नियम लागतात. मराठवाड्याच्या नवीन टीमनं एक राज्य पातळीवर खेळलेला पोरगा लावलाय. त्या कॉलेजात तो फक्त गणपतीच्या वर्गणीला गेला असेल. सगळ्यांना भीती. सह्यगिरीचा सेटर उठला: "माजी विद्यार्थी म्हणजे काय ते एकदा ठरवू. खेळाडू त्या कॉलेजातून पास झालेला हवा. नुसता शिकलेला नाही. पास."

कोणी माझ्याकडं बघितलं नाही. मुद्दाम.

खा.का. म्हणाले, हात वर करा. हात वर गेले. एकेक मोजत गेलो. आमच्या सोफ्यावरचा हातपण वर गेला. माझ्या शेजारचा. दादाचा.

मी बाहेर येऊन चपला शोधत होतो, सापडत नव्हत्या. अनवाणीच गाडीपाशी गेलो.


शनिवार, २२ नोव्हेंबर

दादाशी बोललो नाही. मग बोललो.

"का वर केलास?"

"नियम बरोबर हाय."

"मी बाहेर गेलो दादा."

"मला कळतंय. पण तो राज्याचा पोरगा आला असता तर सगळी लीग गेली असती. आणि तू..." कुकरची शिट्टी झाली, गॅस बारीक केला. "तुझं काय, दोन वर्षं राहिलीत. जाऊन पुरी कर म्हणून कितींदा सांगितलंय. काकी सांगून थकली. ऐकलंस?"

"म्हणजे मला शिकवायला हात वर केलास?"

"नियमाला केला. तुला काय शिकवतोय, तू शिकायसाठी जन्मलेलाच न्हाईस."

मी ताट सरकवलं. यात वाईट काय माहीत आहे? माझाच कागद. माझीच नागमोड. मी दोघांना एका हॉलमध्ये आणलं आणि स्वतः दाराबाहेर राहिलो. एवढं नीट जमलेलं काम आयुष्यात दुसरं नाही माझं.

ऑफिसात एका फिलिपिनो टेक्निशियनवर उगाच खेकसलो. तो म्हणाला, "यू हॅव फाइट विथ गर्ल, बॉस?" खलास. यालापण कळतंय.


बुधवार, २६ नोव्हेंबर

मृ.चा व्हॉइस मेसेज. चालत बोलत होती, मागं साइटचा आवाज, कोणीतरी यल्ला यल्ला, चला चला ओरडतंय.

"ऐक. नियम खेळाडूंना आहे. स्कोअररला नाही. मी वाचला परत. हॉल गटाला टेबलावर दोन माणसं लागणार आहेत, एक शीट लिहायला, एक नंबर पुकारायला. मी शीट लिहीन. तू पुकार. बाबांना विचारलंय, ते म्हणाले येऊ दे, गणित बरं आहे त्याचं. उत्तर दे. आणि रागात देऊ नकोस, उद्या दे."

चार वेळा ऐकला. सीझनभर दर शुक्रवारी तिच्या शेजारच्या खुर्चीत. आधी मी याच्यासाठी काय दिलं असतं?

आणि मी पुकारायचं. "तीन." "अकरा." आणि आमच्या टीमचं रोटेशन फिरत आलं की, "सात." सातची जर्सी घालून कोणीतरी दुसरा सर्व्हिस लाइनवर जाणार आणि त्याला मी सांगायचं, जा, तुझी पाळी.

उत्तर आजच दिलं. रागात दिलं. "टेबलावर तुमच्या कॉलेजचे लोक बसवा. कटऑफ लावून."

दोन निळ्या टिक्स, म्हणजे वाचलं. काही नाही.


रविवार, ३० नोव्हेंबर

अजून काही नाही.

दादानं नवीन पोरगा आणलाय. कृष्णाकाठचाच, चांगला पास वगैरे, मागच्याच महिन्यात आयटी कंपनीत आलाय. बिचाऱ्यानं माझ्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. "दादा, तुम्ही कसं सेट करता जरा दाखवा ना." इमारतीच्या पार्किंगमध्ये दाखवलं. हात बरे आहेत. पाय जड. दोन वेळा बॉल एका लँडक्रूझरवर गेला, वॉचमन ओरडला.

शेवटी त्यानं विचारलं, "सात नंबर मी घेतला तर चालेल?"

"घे," म्हटलं. "माझा काय सातबारा आहे का त्यावर."

वर आलो आणि बाथरूमच्या दारावर बुक्की मारली. दार पोकळ आहे, भोक पडलं. दादानं बघितलं, तिथं कॅलेंडर लावलं. आत, टॉयलेटसमोर, गणपतीचं. म्हटलं दादा, देव आहे तो. मग काढून वाणसामानाच्या दुकानाचं लावलं.


गुरुवार, ४ डिसेंबर

उद्या मॅच.

मृ.ला लिहिलं, "त्या दिवशी जास्त बोललो." सॉरी नाही लिहिलं. नुसतं एवढंच.

तासाभरानं उत्तर: "माहीतये. खुर्ची ठेवलीय. येऊन बस नाहीतर रिकामी राहू दे, दुसऱ्याला देणार नाही. आणि एक, डिग्री पूर्ण करशील तर माझ्यासाठी करू नकोस. मला ते ओझं नको. मला फक्त शुक्रवारी टेबलावर कोणीतरी लागतं ज्याला रोटेशन कळतं."

हे प्रेम आहे की स्टाफ रिक्वायरमेंट? असं कोण लिहितं? स्ट्रक्चरल इंजिनिअर लिहितात. कुठं किती वजन टाकायचं ते मोजून.

तरी तिनं खुर्ची ठेवली.

तरी तिला कटऑफ सुचला होता.

तरी 'सात नंबर' मधला 'नंबर' फक्त मलाच


शुक्रवार, ५ डिसेंबर, सकाळ

दादा आणि तो पोरगा पुढं गेले. जाताना दादा दारात उभा राहिला. "स्कूटरची किल्ली फ्रिजवर हाय. हॉलला ये नाहीतर समैस्माला जाऊन वाळूत लोळ. पण घरात बसू नको, भिंती महाग हायत इथल्या."

बीच गटातल्या एका टीमनंपण काल विचारलंय, आमचं कोचिंग करशील का, पोरांना सेटिंग शिकव, नियम कोचला पण नाही. म्हणजे नियम कोणालाच नाही, फक्त माझ्या जर्सीला आहे.

पोहे केले, अर्धे खाल्ले. खिडकीतून बिन महमूद रिकामं दिसतंय, शुक्रवारचं. मांजर आणि पार्किंग.

हॉलमध्ये आत्ता नेट बांधत असतील. खा.का. टेप घेऊन उंची मोजतील, दोनदा मोजतात. मृ. शीटवर नावं भरत असेल. सातच्या समोर नवीन पोऱ्याचं नाव लिहील, पेन्सिलनं. आणि मग सर्व्हिस आली की कोण पुकारणार? तिच्या शेजारी कोणी नसेल तर तिलाच पुकारावं लागणार. नुसतं "सात" म्हणेल, का "सात नंबर"?

मी नसलो तर मला कधीच कळणार नाही. मी असलो तर तिला पुकारावंच लागणार नाही.

बूट घातलेत. खेळायचे. टेबलावर बसायला असले बूट लागत नाहीत, वाळूत तर चालतच नाहीत, मला माहीत आहे. कोचिंगला लागली तर म्हणून शिट्टी खिशात. किल्ली हातात.

आमच्या फ्लॅटचं दार जोरात ओढल्याशिवाय लागत नाही. दादा रोज म्हणतो आपटू नकोस. आपटलं. वरच्या मजल्यावरचा इजिप्शियन काहीतरी ओरडला. ओरडू दे. हे लिफ्टमध्ये फोनवर लिहितोय, रेंज जाई